घाटाखालच्या ताटाला कोणती वाइन?

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत द्राक्षाची शेती रुजलेली नाही आणि वाइनची परंपराही नाही. येथील मुख्य पीक भात, भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारे वाल, आणि डोंगरउतारांवरचा आंबा, जांभूळ, करवंद हा रानमेवा. असे असूनही मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध पडणाऱ्या या पट्ट्यात वाइन आज सर्रास दिसते. कर्जतपर्यंत मुंबईची लोकल येते, २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून घाट चढतो, आणि या दोन सोयींमुळे नेरळपासून खोपोलीपर्यंत फार्महाउस, रिसॉर्ट आणि कृषिपर्यटन केंद्रे उभी राहिली. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांबरोबर वाइनची बाटली आली आणि हळूहळू स्थानिक मध्यमवर्गीय घरांतल्या बैठकांपर्यंतही पोहोचली. बाटली आली, पण ती निवडायची कशी याची माहिती तिच्याबरोबर आली नाही, त्यामुळे दुकानात उभा असलेला माणूस एक तर सर्वांत स्वस्त बाटली उचलतो किंवा पाहुण्यांसमोर मान राहावा म्हणून सर्वांत महाग, आणि दोन्ही वेळा पहिल्या घोटानंतर वाइन म्हणजे आंबट-तुरट, विनाकारण महाग पेय असे मत करून घेतो.

हे मत बहुतेक वेळा वाइनमुळे होत नाही, चुकीच्या निवडीमुळे होते. वाइनची शिफारस करणारे बहुतेक लेखन थंड हवेच्या देशांत, तिथल्या जेवणाला धरून झालेले आहे; ते घाटाखाली जसेच्या तसे लागू करता येत नाही. ज्या गावात मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि जिथल्या ताटात तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुके बोंबील आणि आगरी मसाल्याचे मटण असते, तिथे रोजच्या आनंदाची वाइन कोणती हे ठरवणाऱ्या गोष्टी तीन : हवा, ताट आणि त्या विशिष्ट बाटलीची प्रकृती. किंमत, नाव आणि मानसन्मान यांचा क्रम त्यानंतर लागतो.

कर्जतला जे पिकत नाही ते घाटापलीकडे नाशिक, पुणे, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांत पिकते, आणि याचे कारण पावसात आहे. सह्याद्रीला धडकणारे मोसमी ढग घाटाखालीच रिते होतात; कर्जत परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात त्याच्या पाव हिश्श्याइतकाच. द्राक्षवेलीला एवढी ओल सोसत नाही, पानांवर केवडा आणि भुरी हे बुरशीजन्य रोग पसरतात. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदाराने युरोपपेक्षा वेगळे वेळापत्रक बसवले आहे : एप्रिलमध्ये खरड छाटणी करून वेलीला नवी काडी आणायची, पावसाळ्यात ती काडी पोसू द्यायची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, फळासाठीची छाटणी करायची, म्हणजे घड कोरड्या आणि थंड हिवाळ्यात भरतात व जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिक परिसरात हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच गार असतात, आणि दिवसा ऊन व रात्री गारवा अशा चढउतारात द्राक्षात साखर भरत असतानाही त्यातली आंबट चव, म्हणजे आम्लता, टिकून राहते. ही आम्लता पुढे सगळ्या चर्चेत येणार असल्यामुळे तिचे मूळ येथेच नोंदवणे योग्य ठरेल.

महाराष्ट्रातील आधुनिक वाइनचा इतिहास फार जुना नाही. १९८०च्या दशकात शाम चौगुले यांनी नारायणगाव येथे शातो इंडाज ही कंपनी उभी करून फसफसणारी वाइन बनवली आणि ती परदेशी बाजारातही पाठवली. ही कंपनी पुढे बंद पडली, पण येथल्या मातीत वाइनचे द्राक्ष होते हे तिने दाखवून दिले. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतरच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून राज्यातल्या द्राक्षापासून राज्यात बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्योगासाठी जागा राखल्या. त्यानंतर गंगापूर धरणाच्या काठी यॉर्क, निफाडजवळ रेव्हिलो, इगतपुरीकडे व्हॅलोन, अकलूजजवळ फ्रातेल्ली अशा अनेक वायनरी आल्या. याउलट आयात वाइनवर केंद्राचे मूळ सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले. परिणाम असा, की कर्जतच्या दुकानात आयात केलेल्या साध्या वाइनच्या बाटलीला जी किंमत पडते, त्याच किमतीत किंवा त्याहून कमी पैशात घाटापलीकडची अधिक काळजीपूर्वक बनवलेली, अधिक ताजी वाइन मिळते. परदेशी नावाचे वजन बाजूला ठेवता आले, तर रोजच्या पिणाऱ्यासाठी हा व्यवहार सरळ आहे.

वाइन म्हणजे द्राक्षरसातली साखर किण्व या सूक्ष्मजीवांनी खाऊन तिचे अल्कोहोल केलेले पेय. ते उकळून, वाफ थंड करून काढलेले नसते, त्यामुळे त्यातील अल्कोहोलचे प्रमाण सामान्यतः ११ ते १४ टक्के राहते. पांढऱ्या वाइनमध्ये साली काढून नुसता रस आंबवतात, लाल वाइनमध्ये रस सालींसकट आंबवतात, आणि गुलाबी, म्हणजे रोझे, वाइनमध्ये काळ्या द्राक्षाच्या साली रसात अगदी थोडा वेळ ठेवतात. सालींतून रंगाबरोबर टॅनिन उतरते. टॅनिन ही चव नव्हे, तो स्पर्श आहे : पिकलेले जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या ज्या प्रकारे आक्रसतात, तोच परिणाम तरुण लाल वाइनमध्ये जाणवतो, आणि जांभळाची सवय असलेल्या माणसाला तो ओळखायला वेगळे शिक्षण लागत नाही. आम्लता तोंडाला पाणी आणते, टॅनिन तोंड कोरडे करते. एवढा फरक ध्यानात आला तरी निम्मे वाइनशास्त्र हाती आले असे समजायला हरकत नाही. याखेरीज गोडवा पाहावा लागतो, कारण किण्वांनी सगळी साखर संपवली की वाइन 'ड्राय', म्हणजे बिनगोड, होते आणि थोडी शिल्लक राहिली की 'सेमी-ड्राय' किंवा 'ऑफ-ड्राय', म्हणजे किंचित गोडसर. गोव्याहून येणाऱ्या गोड पोर्टवर ज्यांची जीभ तयार झाली आहे, त्यांना थेट ड्राय लाल वाइन देणे ही शिफारस करणाऱ्याची सर्वांत नेहमीची चूक असते. नापसंती पेल्यात नसते, त्या उडीत असते.

दुकानातल्या बाटलीची प्रकृती हा विषय पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो, परंतु घाटाखाली तो सर्वांत आधी यायला हवा. एफएल-२ परवान्याच्या दुकानात व्हिस्की आणि बिअरचा खप मोठा आणि वाइनचा थोडा, त्यामुळे वाइनच्या बाटल्या बहुधा वरच्या फळीवर, पत्र्याच्या छपराजवळ किंवा रस्त्याकडच्या काचेत, उभ्या आणि दिव्याच्या उजेडात महिनोन्महिने राहतात. व्हिस्कीला याने काही होत नाही. वाइन मात्र उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत म्हातारी होते, तिचा फळांचा वास मरतो आणि उकडलेल्या फळासारखा जड वास येऊ लागतो. म्हणून विकत घेताना बाटली उजेडाकडे धरून पाहावी. पांढरी वाइन फिकट पिवळी किंवा हिरवट छटेची असावी. ती गडद सोनेरी किंवा तपकिरी दिसली तर ती हवेने किंवा उष्णतेने खराब झालेली असण्याचा संभव मोठा. बूच वर सरकलेले असेल, झाकणाखाली चिकट ओघळ असेल किंवा वाइनची पातळी मानेखाली उतरलेली असेल, तर बाटली तापून द्रव फुगल्याची ती खूण आहे. लेबलवर तोडणीचे वर्ष छापलेले असल्यास पांढरी आणि गुलाबी वाइन शक्यतो ताज्या वर्षाची घ्यावी, कारण महाराष्ट्रात द्राक्ष वर्षाच्या सुरुवातीला तोडले जाते आणि साधी पांढरी वाइन त्याच वर्षी बाटलीत भरून विकायला येते. ती मुरवण्यासाठी बनवलेलीच नसते. फिरवून उघडायचे झाकण हे हलक्या मालाचे लक्षण आहे हा समज टाकून द्यावा, कारण आपल्या हवेत ते बुचापेक्षा भरवशाचे असते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास देणारा बुचाचा दोषही त्यामुळे टळतो. दुकानात शीतकपाट असेल तर वाइन त्यातलीच मागावी, आणि ज्या दुकानात वाइन भराभर विकली जाते ते दुकान थोडे लांब असले तरी जवळ करावे.

याच संदर्भात २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने घेतलेल्या निर्णयाची आठवण ठेवण्यासारखी आहे. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाइन विकण्यास परवानगी देण्याचा तो निर्णय होता. द्राक्ष उत्पादकांचे हित हे त्याचे समर्थन होते, तर घराघरांत दारू पोहोचेल हा आक्षेप. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी कडाडून विरोध केला आणि निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. गावठी दारूने ज्या कातकरी आणि ठाकर वाड्यांतले संसार पोखरले आहेत, त्या परिसरात हा आक्षेप पोकळ म्हणता येत नाही. त्याचबरोबर वातानुकूलित जागेत बाटली चांगली टिकते हेही खरे आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ या मूळ नावाने झालेला कायदा राज्यात आजही लागू असून मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, आणि वयाची अट पाळावीच लागते.

घरी आणलेल्या वाइनचा आनंद तापमानावर किती अवलंबून आहे हे अनेकांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम ज्या युरोपीय घरांत जन्मला तिथली खोली १६ ते १८ अंशांची होती. कर्जतच्या एप्रिलमधल्या खोलीत ३४ अंशांना ओतलेल्या लाल वाइनमधून अल्कोहोलच तेवढे नाकात शिरते आणि फळ हरवते. तीच बाटली पुरेसा वेळ फ्रिजमध्ये ठेवून १५ अंशांच्या आसपास आणली की वेगळेच पेय समोर येते. पांढऱ्या आणि गुलाबी वाइनला ८ ते १० अंश, फसफसणाऱ्या वाइनला ६ ते ८ अंश योग्य. वीज नसेल तर बादलीत बर्फाबरोबर पाणी आणि मूठभर मीठ घालावे आणि बाटली मानेपर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फात खड्यांमध्ये हवा राहते, पाण्याने मात्र बाटलीला सगळीकडून गारवा भिडतो, आणि वीस मिनिटांत काम होते. आठवडाभर बंद राहणाऱ्या फार्महाउसच्या माळ्यावर वाइनचा साठा करू नये; पाहुणे यायच्या दिवशी लागेल तेवढीच न्यावी.

आता ताटाकडे वळावे, कारण खरी शिफारस तिथूनच निघते. या पट्ट्यातील हिवाळ्याचे वैभव म्हणजे पोपटी. वालाच्या शेंगा दाण्याने भरल्या की, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून बसवतात, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेले कोंबडीचे तुकडे, अंडी, बटाटे असे थर रचतात, तोंडाशी पुन्हा पाला कोंबतात, आणि मडके शेतात उपडे घालून भोवती पेंढा व लाकडे पेटवतात. पाण्याचा थेंबही न घालता सगळे आपापल्या वाफेवर शिजते, आणि मडके फोडले किंवा उलटले की भांबुर्डीचा उग्र, हिरवट वास, ओव्याचा तिखटपणा आणि धुराची छटा एकदम वर येते. या वासाला उत्तर देणारी वाइन जवळजवळ नेमकी सांगता येते : सोव्हिन्यों ब्लांक. या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये मुळातच पाल्याचा, हिरव्या मिरचीचा, पेरूचा वास असतो आणि आम्लता तरतरीत असते, त्यामुळे ती भांबुर्डीशी भांडत नाही आणि वालाच्या पिठूळपणावर पाणी मारल्यासारखी जीभ स्वच्छ करते. सुला, ग्रोव्हर झांपा, फ्रातेल्ली या तिन्ही घरांची सोव्हिन्यों ब्लांक सहज मिळणारी आहे. शेतात थंडी वाजत असल्याने लोकांचा हात लाल वाइनकडे जातो, तर तिथे ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली भारदस्त शिराझ न घेता गुलाबी झिन्फांडेल घ्यावी. धुराबरोबर ती शोभते आणि अंड्यांशीही तिचे पटते.

आगरी मसाल्याच्या मटणाबाबत सर्वांत जास्त चूक होते, कारण मटण म्हटले की जड लाल वाइन असा हिशेब पाठ झालेला आहे. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक जिभेवरच्या उष्णतेची जाणीव देणाऱ्या ग्राहींना चेतवतो, आणि अल्कोहोल त्याच ग्राहींना अधिक हळवे करते, म्हणजे साडेचौदा टक्क्यांची वाइन तिखटाला विझवत नाही, भडकवते; टॅनिनचा कोरडेपणा त्यात भर घालतो. गोडवा आणि गारवा मात्र तिखट खाली आणतात. म्हणून झणझणीत रश्श्याबरोबर किंचित गोडसर चेनिन ब्लांक, चांगली थंड केलेली, हे उत्तर ऐकायला विचित्र वाटले तरी तोंडात खरे ठरते. लालच हवी असेल तर ओकचा वापर नसलेली, कमी टॅनिनची वाइन थंड करून घ्यावी, आणि सुलाच्या दिंडोरी रिझर्व्हसारखी पिंपात मुरलेली शिराझ मटणाच्या सुक्यासाठी, जिथे तिखट कमी आणि खोबरे-मसाल्याचा भाजका वास अधिक, तिथे राखून ठेवावी.

चेनिन ब्लांक या द्राक्षाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण घाटाखालच्या ताटाला एकच बाटली सुचवायची झाली तर तीच सुचवावी लागेल. फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातले हे द्राक्ष दक्षिण आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर गेले आणि नाशिकच्या उन्हातही ते मानवले, कारण उष्णतेतही त्याची आम्लता लवकर ढळत नाही. सुलाची चेनिन ब्लांक गोडसर बाजूची आहे, फ्रातेल्लीची तिच्या मानाने कोरडी. गूळ, आमसूल आणि ओले खोबरे घातलेल्या वालाच्या बिरड्यात गोड, आंबट आणि बिरड्याचा स्वतःचा बारीक कडूपणा एकत्र असतो. अशा पदार्थापुढे बिनगोड वाइन पाणचट किंवा नुसती आंबट लागते, गोडसर चेनिन मात्र त्याच्या बरोबरीने चालते. सोलकढी ताटात असेल तर वाइनची आम्लता कोकमाइतकी तरी असावी, नाहीतर ती बेचव होते, आणि येथेही चेनिन टिकते. पावसाळ्याच्या तोंडाला नदीनाल्यांतून उलटे चढणारे वळगणीचे मासे, भातखाचरातले मुठे, शेवळाची भाजी, कर्जत स्थानकावरचा बटाटेवडा, यांतल्या बहुतेकांना ती सांभाळून घेते.

माशांच्या बाबतीत लाल वाइन टाळावी हा सल्ला केवळ रिवाज नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की वाइनमध्ये विरघळलेले लोह माशातल्या स्निग्धांशी संयोग पावून मागाहून येणारा उग्र, हिवसट वास निर्माण करते. लोहाचे प्रमाण लाल वाइनमध्ये अनेकदा अधिक असते. ताज्या पापलेटपेक्षा सुकट आणि सुके बोंबील यांच्याबाबत हा परिणाम अधिक तीव्र जाणवतो. सुक्या मासळीच्या खारट-तिखट चटणीला फसफसणारी वाइन, म्हणजे सुला ब्रूट किंवा यॉर्कची स्पार्कलिंग, अप्रतिम जाते : बुडबुडे आणि आम्लता मिळून मीठ व तेल धुऊन काढतात, आणि तांदळाच्या भाकरीचा पुढचा घास पुन्हा नवा लागतो. फसफसणारी वाइन केवळ लग्नात उडवायची वस्तू आहे हा समज त्यामुळे फार नुकसानीचा आहे.

किमतीविषयी पिणाऱ्याच्या मनात जो न्यूनभाव असतो, तो दूर करणारे पुरावे उपलब्ध आहेत. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किंमत लपवून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्यांचा हिशेब मांडला गेला, आणि प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाइन अधिक आवडत नाही, उलट किंचित कमी आवडते, असे दिसले. त्याआधी २००१ साली बोर्दोमधील संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये चवहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा जिभेला इतका फसवतो. म्हणून दोन-तीन वाइनची तुलना करायची असेल तर बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आकडे घालून, जेवणाच्या घासाबरोबर चाखाव्या. नुसत्या चाखल्यावर जी पहिली ठरते ती ताटाबरोबर बऱ्याचदा मागे पडते. दुसऱ्याला शिफारस करणाऱ्याने स्वतःची आवड सांगण्याआधी समोरचा एरवी काय पितो हे विचारावे. कोरा चहा आणि कडक कॉफी आवडणाऱ्याला टॅनिन झेपते, कोकम सरबत मिठाबरोबर पिणाऱ्याला सोव्हिन्यों ब्लांक भावते, दुधाळ गोड चहावाल्याला गोडसर चेनिनपासून सुरुवात करून द्यावी. ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या आणि डबे काही कंपन्या विकतात. प्रयोगासाठी ते उपयोगी पडतात.

द्राक्षाखेरीज इतर फळांच्या वाइनकडेही या तालुक्यांनी पाहायला हवे. पालघर जिल्ह्यात बोर्डी येथे चिकूपासून वाइन बनते, पुण्यात मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते. दोन्ही कोकणच्या उकाड्यात थंडगार प्यायला हलकी आहेत. मे-जूनमध्ये ठाकर-कातकरी स्त्रिया पानांच्या द्रोणांतून जे जांभूळ आणि करवंद विकतात त्यांचीही वाइन होऊ शकते, फक्त या फळांत द्राक्षाइतकी साखर नसल्यामुळे ती बाहेरून घालावी लागते. घरी विनापरवाना वाइन बनवणे कायद्याने गुन्हा आहे, हे मात्र विसरता येत नाही.

प्रमाणाचा हिशेबही साधा आहे. साडेबारा टक्क्यांच्या १०० मिली वाइनमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीत जवळपास ७५ ग्रॅम. वाइन हृदयाला चांगली असते हा वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला आता धरून चालता येत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे वाइन प्यायची ती चवीसाठी आणि थोडी, औषध म्हणून नव्हे. वाहनचालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच अल्कोहोल कायद्याला चालते, आणि ही मर्यादा ओलांडायला अनेकांना दोन पेलेही पुरतात. ज्याला रात्री बोरघाट चढायचा किंवा उतरायचा आहे त्याला पेला देऊच नये, मुक्कामाची सोय करावी. आठ जणांच्या पोपटीला तीन बाटल्या भरपूर होतात : शेंगा सोलताना एक फसफसणारी, कोंबडी उघडल्यावर एक सोव्हिन्यों ब्लांक, एक गुलाबी, आणि प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी. रविवारी संध्याकाळी उरलेली वाइन झाकण घट्ट लावून, बाटली उभी ठेवून, फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते. फसफसणारीला एक दिवसही जड जातो, म्हणून ती आधी संपवावी.